परीक्षकांच्या टेबलावरचा दिवा

गेल्या अंकात मी एक ओळ लिहून गेले, की आमच्या इथल्या एका नाट्यस्पर्धेचा निकाल मला पटला नाही. एवढंच. ना नाटकाचं नाव, ना संस्थेचं. पण हिवाळा म्हणजे स्पर्धांचे दिवस. गावोगावचे हौशी कलावंत निकालाचं कात्रण खिशात घालून फिरत असतात. अशा वेळी असं काही लिहिणं म्हणजे वाळल्या गवतात काडी टाकणं. बावीस पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेते. सहाव्यात एका गृहस्थांनी माझंच परीक्षण केलंय : 'भाषा बरी, मांडणी विस्कळीत, उत्तेजनार्थ.' ते पत्र मी फ्रिजवर लावलंय.

काकू, 'सेटिंग' असतं हे एकदा कबूल करून टाका. आमचं नाटक दुसरं आलं. निकालानंतर तीनपैकी दोन परीक्षकांनी आम्हाला स्वतः सांगितलं, की त्यांच्या मते आम्हीच पहिले होतो. तिघांत दोघं आमच्या बाजूचे, मग आम्ही दुसरे कसे?
— यंत्रमाग कारखान्यातला सुपरवायझर, इचलकरंजी

सेटिंगचं नंतर बोलू. आधी कागद-पेन्सिल घे.

समज, तुझ्या नाटकाला पहिल्या परीक्षकाने ९२ दिले, दुसऱ्याने ९०. तिसऱ्याला ते सोसलं नाही, त्याने ६१ दिले. बेरीज २४३. दुसऱ्या एका नाटकाला तिघांनी ८०, ८२ आणि ८३ दिले. बेरीज २४५. ते पहिलं. आता बघ, दोघे तुला खोटं बोलले नाहीत, कुणी पाकीट घेतलं नाही, बेरीजही चुकली नाही. तरी जे नाटक दोघांना सगळ्यांत जास्त आवडलं, ते हरलं. ज्याच्यावर कुणीच जीव टाकला नाही आणि ज्याला बघून कुणी नाकही मुरडलं नाही, ते जिंकलं. निम्मे 'कसं काय जिंकलं बुवा' निकाल असे लागतात. आणि हे तसल्याच नाटकाच्या बाबतीत होतं, जे काहीतरी वेगळं करायला जातं. सरळ नाटकाला कोण ६१ देणार?

मग गुणांऐवजी तिघांनी नुसते क्रमांक लावावेत, असं तू म्हणशील. तसं केलं असतं तर दोन पहिल्या पसंत्यांवर तू जिंकला असतास, हे खरं. पण क्रमांकात एका गुणाने मागे राहिलेला आणि तीस गुणांनी मागे राहिलेला सारखाच दिसतो, तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी पत्र मला आलं असतं.

तो ६१ देणारा तिसरा माणूस खलनायक असतो असं नाही. मी स्वतः एकदा तो तिसरा माणूस होते. प्रेक्षागृहात मधल्या रांगेत परीक्षकांचं टेबल, त्यावर कागद खाली दिसावा म्हणून कापडाने झाकलेला छोटा दिवा, शेजारी गार झालेला चहा. रोज संध्याकाळी एक नाटक, असं बारा-तेरा दिवस चाललेलं. त्या नाटकात लांबलचक शांतता होत्या. पहिल्या शांततेत मी श्वास रोखला. दुसरीत मला बाहेरच्या जनरेटरचा आवाज ऐकू यायला लागला. तिसरीत मी शेवटची एसटी चुकणार का, याचा हिशेब करत होते. मी कमी गुण दिले. पुढे सहा महिन्यांनी ती संहिता हाती आली, घरी निवांत वाचली आणि त्या शांतता कशासाठी होत्या ते कळलं. कळून उपयोग काय? त्या पोरांचं नाटक तोवर मोडलं होतं, त्यांच्या सेटच्या फळ्यांचं कुणाच्या तरी गच्चीवर शेड झालं होतं.

राहिलं सेटिंग. पाकीट घेणारा परीक्षक मी पाहिलेला नाही. 'आपलाच पोरगा आहे हो' म्हणणारे मात्र तीन पाहिलेत. एकाने शिबिरात त्या दिग्दर्शकाला शिकवलं होतं, म्हणून पहिल्या अंकापासून तो कौतुकाने मान डोलवत होता. त्याच्या मनात पाप नव्हतं, माया होती. पापाविरुद्ध तक्रार करता येते. मायेविरुद्ध कुठे अर्ज करणार? तिथे एकच इलाज : ज्याने ज्यांना शिकवलंय त्याने त्या केंद्रावर बसू नये. हे सांगितलं की आयोजक म्हणतात, 'मग परीक्षक आणायचे कुठून? या भागात सगळ्यांनी सगळ्यांना शिकवलंय.' त्यांचंही खोटं नाही.

२०२२ साली पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला गेला नाही. माझी ताई त्या वर्षी एका कॉलेजच्या संघात होती, आमच्या घरी अजून त्यावरून भांडण होतं. बाबा म्हणतात परीक्षकांनी बरोबर केलं. तुमचं काय मत?
— दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, पुणे

बाबांना आणि ताईला एकदम राग येईल असं उत्तर देते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. महाराष्ट्रीय कलोपासकची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासूनची. भरत नाट्य मंदिरात 'अरे, आव्वाज कुणाचा' ही आरोळी ज्याने एकदा दिलीय त्याचा घसा म्हातारपणीही तिथे गेल्यावर खाजतो. लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर तिचा सगळा भर. २०२२ च्या अंतिम फेरीत एक एकांकिका पहिली आली, तिला रोख बक्षीस मिळालं, पण करंडक काही मिळाला नाही. त्या तोडीचं काम दिसलं नाही, असं परीक्षकांचं म्हणणं. स्पर्धेच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. महिनाभर पुण्यात दुसरा विषय नव्हता.

परीक्षकांना हा अधिकार असावा, असं मला वाटतं. बक्षीस द्यायलाच हवं म्हटलं की परीक्षक फक्त रांग लावणारा होतो. इथवर मी बाबांच्या बाजूची.

पण मी त्या टेबलावर असते, तर करंडक दिला असता. कारण त्या दिवशी नऊ-दहा नाटकं समोर असतात आणि एक नाटक डोक्यात असतं. डोक्यातलं म्हणजे परीक्षक स्वतः विशीत असताना पाहिलेलं. ते दरवर्षी थोडं थोडं अधिक चांगलं होत जातं. त्यात कुणी वाक्य विसरत नाही, त्याचा पडदा अडकत नाही. या भुताशी आजच्या पोरांची कुस्ती लावायची म्हणजे पोरं चीतपट होणारच. आणि दुसरं, पहिल्या आलेल्या संघाची जी गत झाली ती विचित्रच. तुम्ही पहिले, पण करंडक नाही. पंगतीत मानाने बसवायचं, ताट वाढायचं, आणि पुरणपोळीची परात समोरून तशीच पुढे न्यायची.

अमेरिकेत १९६३ मध्ये याहून वाईट झालं होतं. एडवर्ड अल्बीचं 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?' हे नाटक पुलित्झर पुरस्काराच्या नाट्य-परीक्षकांनी निवडलं. शेवटचा निर्णय घेणाऱ्या वरच्या मंडळाने ते नाकारलं. नवरा-बायकोची रात्रभराची दारू, शिव्या, चिरफाड त्या मंडळींना पचली नाही. त्या वर्षी नाटकाचं पुलित्झर कुणालाच मिळालं नाही. जॉन मेसन ब्राऊन आणि जॉन गॅसनर या दोघा परीक्षकांनी राजीनामे दिले. अल्बीला पुढे तीन वेळा पुलित्झर मिळालं, पण लोक अजून त्या न मिळालेल्या चौथ्याबद्दलच बोलतात. पुण्यात वरून कुणी हस्तक्षेप केला नव्हता, निर्णय परीक्षकांचाच होता, हा फरक बाबांच्या बाजूने मोजायला हवा.

ताईला सांग, तिला त्या वर्षीची आपल्या नाटकातली सगळी वाक्यं अजून पाठ असणार. नसली तर मला कळव.

ताई, आपल्याकडे वशिला चालतो हे मान्य. पण इकडे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटकांच्या टोनी पुरस्काराला शेकडो लोक मत देतात. इतक्या मोठ्या संख्येत तरी अन्याय होत नसावा, असं मला वाटायचं. मग 'वेस्ट साइड स्टोरी' हरलं होतं हे वाचलं आणि चकित झालो.
— आयटीतला माणूस, एडिसन, न्यू जर्सी

दादा, तुम्ही प्रत्यक्ष बघता, मी वाचून बोलते, त्यामुळे चुकले तर कान धरा. पण या विषयावर मी पुष्कळ वाचलंय. कारण आपली जखम भळभळत असली की दुसऱ्याची बघून बरं वाटतं.

१९५८ साली सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाच्या टोनीत 'वेस्ट साइड स्टोरी'ला हरवलं 'द म्युझिक मॅन'ने. म्हणजे गावात बँड विकायला आलेल्या ठकाच्या गोड गोष्टीने रस्त्यावरच्या टोळ्यांच्या खुनाखुनीला हरवलं. 'वेस्ट साइड'च्या हाती लागली दोनच बक्षिसं, नृत्यरचनेचं आणि नेपथ्याचं. पण जरा त्या वर्षीच्या प्रेक्षागृहात बसून बघा. एका नाटकात शेवटी मुडदा उचलून नेतात, दुसऱ्यात शेवटी बँड वाजतो. घरी जाताना लोक काय गुणगुणत गेले असतील?

१९७६ चं प्रकरण मला जास्त लागतं. 'शिकागो'ला अकरा नामांकनं होती आणि बक्षिसं शून्य. समोर होतं 'अ कोरस लाइन', त्याने नऊ नेली. आता 'अ कोरस लाइन' वाईट होतं असं कुणी म्हणणार नाही. ते उत्तमच होतं. अन्याय म्हणजे नालायक जिंकणं, असं आपण धरून चालतो. पण बरेचदा नुसतं वर्ष चुकलेलं असतं. 'शिकागो' १९९६ मध्ये नव्याने उभं राहिलं, पुढच्याच वर्षी त्याला सहा टोनी मिळाले आणि ते अजून चालूच आहे. लिहिणारा तोच, गाणी तीच. वीस वर्षांनी टाळ्या वाजवणारे हात तेवढे बदलले.

मतदार शेकडो म्हणता, तर ते कोण आहेत ते बघा. त्यांत निर्माते असतात आणि नाटकं गावोगाव नेऊन लावणारेही असतात, म्हणजे आपल्याकडचे नाटकाचे कॉन्ट्रॅक्टर. त्यांना नाटक आवडतंच, पण आपल्या गावात तिकीट खपेल का, हेही डोक्यात असतं. २००४ मध्ये बाहुल्यांच्या 'अ‍ॅव्हेन्यू क्यू'ने 'विकेड'सारख्या धिप्पाड नाटकाला हरवलं. लहानग्याने मोठ्याला आपटलं म्हणून सगळे खूश. आणि मग 'अ‍ॅव्हेन्यू क्यू'वाल्यांनी जाहीर केलं, की आम्ही दौरा न करता लास वेगासच्या एका हॉटेलात मुक्काम ठोकणार. दौऱ्याच्या आशेवर असलेले कॉन्ट्रॅक्टर जे भडकले! हरलेलं 'विकेड' २००३ पासून त्याच थिएटरात अजून उभं आहे. कोणाचा निकाल बरोबर, ते तुम्हीच ठरवा.

आणखी एक गंमत. प्रमुख भूमिका कोणती आणि सहायक कोणती, हे तिथे मुळात जाहिरातीवरून ठरतं. नटाचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलं असेल तर प्रमुख, खाली असेल तर सहायक. समितीने वेगळं ठरवलं तरच बदल. आपल्याकडे पोस्टरवर नाव कुठे टाकायचं यावरून तालमी बंद पडलेल्या मी पाहिल्यात, तेव्हा मला वाटायचं हा आपलाच कोतेपणा. नाही, कारण आहे त्याला.

रुसावं कसं हे मात्र अभिनेत्री ज्यूली अँड्र्यूजकडून शिकावं. १९९६ मध्ये तिच्या 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया' या संगीत नाटकाला एकच नामांकन मिळालं, तेही तिला एकटीला. तिने दुपारच्या प्रयोगानंतर रंगमंचावरूनच सांगून टाकलं, की माझ्या डावललेल्या सहकाऱ्यांबरोबर उभं राहणं मी पसंत करेन, नामांकन नको. आमच्याकडे सहसा उलटं होतं. सगळ्या संघाला मिळतं, एकाला मिळत नाही, आणि तो एकटा पुढच्या वर्षी नवी संस्था काढतो.

प्रेक्षकांनाच मत देऊ द्या ना! परीक्षक हवेत कशाला?
— निवृत्त मुख्याध्यापक, बार्शी

गुरुजी, मुंबईत 'सवाई' एकांकिका स्पर्धेत प्रेक्षकांच्या पसंतीलाही मान असतो. पंचवीस जानेवारीची रात्र जागून, सव्वीसची पहाट उजाडेपर्यंत नाटकं बघणारा प्रेक्षक आहे तो, त्याच्या मताला वजन असणारच. पण तालुक्याच्या गावी मी पाहिलंय, एका नाटकाला दोन टेम्पो भरून माणसं आली. नायकाच्या मामाचा वीटभट्टीचा धंदा होता. माणसं टाळ्याही मनापासून वाजवत होती, कारण त्या दिवशी भट्टीला सुट्टी होती.

तुम्ही इतरांच्या निकालांवर बोलता. तुम्हाला स्वतःला कधी न शोभणारं बक्षीस मिळालंय का? खरं सांगा.
— गृहिणी, मिरज

बाई, तुम्ही कुठल्या शाळेत वकिली शिकलात?

मिळालंय. सगळी पत्रं वाचून झाली तरी तुमचं बाजूला ठेवलं होतं, दोन दिवस.

मी बँकेत कॅशवर होते. साडेपाचला हिशेब जुळला की स्कूटरवरून थेट तालमीला. साल १९८८. स्पर्धेचं नाव घालत नाही. आमच्या नाटकात मी मुलगा हरवलेल्या आईची भूमिका करत होते. शेवटी अकरा मिनिटं रडायचं. खरंच अकरा. दिग्दर्शकाने घड्याळ लावून बसवलं होतं. मी रडायला बसले की तिसऱ्या मिनिटाला पहिल्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या, सातव्या मिनिटाला पुरुष खोकायला लागायचे. ते सोपं असतं हो. रडणाऱ्या आईला कोण नाही म्हणणार? मला ते तेव्हाही ठाऊक होतं.

आमच्या आदल्या दिवशी एका दुसऱ्या गावच्या संस्थेचं नाटक होतं. मी बाल्कनीत बसून पाहिलं. त्यात एक आत्या होती. दोन अंक ती ओसरीवर मटार सोलत बसलेली. वाक्यं असतील वीस-पंचवीस, तीही 'चहा ठेवू का' अशी. पण दाणे पितळेच्या पातेल्यात पडायचे त्याचा आवाज! घरात भाऊ-भावजय बोलायला लागले की आवाज हळू व्हायचा, ती ऐकत असायची म्हणून. भावजयीने जागेचा विषय काढला, तेव्हा पाच-सहा दाणे एकदम टपटप पडले. आणि जेव्हा भाऊ म्हणाला, 'आता तुझं इथे काय काम', तेव्हा तिने एक शेंग सोलली, दाणे अंगठ्याने काढले आणि पातेल्यात टाकायचे विसरली. मूठ तशीच मिटलेली. अंक संपेपर्यंत ती मूठ उघडली नाही. माझ्या शेजारी बसलेल्या आमच्याच प्रकाशयोजनाकाराने कपाळावर हात मारून म्हटलं, 'झालं, पदक गेलं.'

पदक मला मिळालं. अभिनयाचं, चांदीचं. आत्याला प्रमाणपत्रही नाही. परीक्षकांच्या टेबलापर्यंत तो दाण्यांचा आवाज पोचला नसणार, हे मला पुढे स्वतः त्या टेबलावर बसल्यावर कळलं. ते टेबल मध्यावर असतं, वर पंखा, हातात पेन. आणि मी बाल्कनीत, अगदी पुढे कठड्यावर हनुवटी टेकून होते. तो दिवा असतो ना टेबलावरचा, लिहिण्यासाठी लावलेला, त्याच्या उजेडात बसलं की रंगमंचावरची मिटलेली मूठ दिसत नाही. लिहायला खाली बघितलं की गेलीच.

मी पदक परत केलं का? नाही. कुणाला बोलले का? नाही. त्या रात्री आमच्या लोकांनी मला खांद्यावर घेतलं होतं, आणि खांद्यावर बसलेला माणूस सहसा खाली उतरायला बघत नाही.

ती आत्या मला सतरा-अठरा वर्षांनी भेटली, एका लग्नात. आता तीही थकलेली, गुडघ्याला पट्टा. मी धीर करून म्हटलं, 'त्या वर्षी पदक तुमचं होतं.' तिला आधी संदर्भच लागेना. कुठलं पदक? कोणाला मिळालेलं? मी म्हटलं, 'मला.' मग ती हसली. म्हणाली, 'अहो, ते मटाराचं नाटक! पंधरा प्रयोग-तालमी मिळून किती मटार सोलले असतील, देवाला ठाऊक. रोज सोललेले घरी न्यायचे. महिनाभर आमच्याकडे उसळ, मटार-भात, करंज्या, पुन्हा उसळ. मुलं मला बघून ताटावरून उठायची.' मग तिने आवाज खाली आणून विचारलं, 'पदक खरंच चांदीचं होतं का हो?'

मला सांगता येईना. ते शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली आहे. सराफाकडे मी ते कधी नेलेलं नाही.